बे त्रिक सहा

मंडळी, 'नंदुरबार' या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं पोर सांगेल पाच: नं, दु, र, बा, र. पायथॉन २ ला साधी स्ट्रिंग देऊन विचारलंत तर उत्तर यायचं २४! आणि पायथॉन ३ म्हणतं ८.

गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी बरोबर. अनुस्वार, उकार, काना वेगळे धरले की ८ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे आठ त्रिक चोवीस. पायथॉन २ बाइट मोजायचं. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिकडे कुणाचं काही अडत नसे. मराठी नावाचे पहिले चार बाइट कापले की मात्र उकिरडा.

३ डिसेंबर २००८ ला पायथॉन ३.० आलं आणि हा घोळ मुळातून निस्तरला: मजकूर वेगळा, बाइट वेगळे. किंमत? जुन्या स्क्रिप्ट नव्यावर चालेनात. प्रिंटला कंस हवा. ५ भागिले २ पूर्वी २ यायचे, आता २.५. अनेकांना हा निष्कारण उपद्व्याप वाटला. आपल्याला तसं म्हणून चालायचं नाही, कारण आपली नावं त्यामुळेच धड राहिली.

२०१० हे वर्ष बघा. जुलैत पायथॉन २.७ आलं, जुन्या शाखेचं शेवटचं मोठं व्हर्जन. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आधार कार्डावर नाव दोन लिप्यांत असतं. गावोगावची नावं आता कॉम्प्युटरात जाणार होती, आणि अशा वेळी अक्षर म्हणजे बाइट हे समीकरण परवडणारं नव्हतं.

मग जुन्या स्क्रिप्टचं काय? पायथॉनवाल्यांनी 'टूटूथ्री' नावाचं हत्यार दिलं होतं: कोड घाला, नवा काढा. पण तो नवा कोड जुन्यावर चालेना, आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांना दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळायची होती. शेवटी बेंजामिन पीटरसनची 'सिक्स' ही छोटी लायब्ररी कामाला आली. एकच कोड, दोन्हीकडे चालणारा. नावाचं गुपित? बे त्रिक सहा! पुढे २०१२ मध्ये पायथॉन ३.३ ने काढून टाकलेला 'यू' हा उपसर्गही परत घेतला, केवळ जुना कोड चालावा म्हणून. २.७ चा आधार २०१५ ला संपणार होता, तो २०२० पर्यंत लांबवावा लागला.

सरकारी कारभाराला ही युक्ती नवी नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. गाड्यांना एमएच ३९ मिळाला, पण एमएच १८ च्या जुन्या पाट्या त्या दिवशी बाद झाल्या नाहीत. दोन्ही एकाच रस्त्यावर धावल्या.

असो. तुमच्याकडेही एखादी जुनी स्क्रिप्ट असेल, तर ती एका रात्रीत पालटू नका. आधी तिला दोन्ही व्हर्जनवर चालू द्या, दोन्हीकडची उत्तरं ताडून बघा, आणि मगच जुनं बंद करा. चाचणीला नाव कुठलं द्यायचं, ते आता सांगायला नकोच!