निर्णय वरचा, राग काउंटरवर

१० नोव्हेंबर २०१६ च्या सकाळी बँकांची शटरं वर गेली तेव्हा बाहेर रांगा कधीच लागल्या होत्या. पाचशे-हजाराच्या नोटा बाद होऊन दीड दिवसही उलटला नव्हता. आधी माणशी चार हजार रुपये बदलून मिळत होते. मग साडेचार हजार, मग एकदम दोन हजार, आणि २४ नोव्हेंबरनंतर नोटाबदल बंदच. मधेच बोटाला शाई लावण्याचा हुकूम निघाला. हे रोजचे नवे नियम लोकांना सांगायचे कोणी? काउंटरवरच्या कॅशियरने. दोन हजारांच्या नव्या नोटेचे सुट्टे बाजारात मिळेनात, त्याचा रागही त्याच्याच वाट्याला.

महाराष्ट्रात त्यात आणखी भर पडली. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. शेतकऱ्याचं खातं तिथेच, आणि त्याला 'नाही' म्हणणारा कर्मचारी बहुधा त्याच्याच पंचक्रोशीतला.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना अशा प्रसंगासाठी जन्मल्या नव्हत्या. ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन १९४६ साली कलकत्त्यात उभी राहिली ती मालकांशी भांडायला. शास्त्री निवाडा, देसाई निवाडा, १९६६ चा पहिला द्विपक्षीय करार: सगळी झुंज पगारासाठी आणि सेवाशर्तींसाठी. राष्ट्रीयीकरणाची मागणीही तिने लावून धरली होती. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा गावोगाव गेल्या, ग्राहक वाढले; पण संगणकाला झालेला विरोध आणि अधूनमधून होणारे संप यांमुळे युनियन म्हटली की ग्राहकाच्या कपाळाला आठी पडू लागली.

नोटाबंदीत मात्र संघटना जे मागत होत्या, तेच रांगेतल्या माणसालाही हवं होतं: शाखांना पुरेशी रोकड द्या. तरी दोघे काचेच्या दोन बाजूंनाच राहिले. २८ फेब्रुवारी २०१७ च्या देशव्यापी संपात नोटाबंदीच्या काळातल्या जादा कामाचा मोबदला मागितला गेला. मागणी योग्य होती, पण हत्यार जुनंच. त्याचा वार पुन्हा ग्राहकावरच.

नोटाबंदी सरली तरी काउंटरवरचा राग सरला नाही. जून २०२० मध्ये सुरतेत कॅनरा बँकेच्या शाखेत एका पोलीस शिपायाने महिला कर्मचाऱ्याला मारहाण केली. चित्रफीत देशभर फिरली, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दखल घेतली, शिपाई निलंबित झाला. कॅमेऱ्यात न आलेल्या शिवीगाळीला एवढी धावाधाव कोण करतो?

२०२५ च्या गुढीपाडव्यानंतर मराठीच्या मुद्द्यावर मनसेचे कार्यकर्ते बँकांच्या शाखांत शिरू लागले. युनायटेड फोरम ऑफ बँक युनियन्सने मुख्यमंत्र्यांकडे संरक्षण मागितलं आणि ५ एप्रिलला राज ठाकरे यांनी आंदोलन थांबवायला सांगितलं. मराठीतून सेवा मिळावी ही अपेक्षा रास्तच आहे, पण भरती आणि बदल्या काही काउंटरवर ठरत नाहीत. पोलीस संरक्षण मागणाऱ्या संघटनांनी स्थानिक भाषा जाणणाऱ्यांच्या भरतीची मागणीही तितक्याच जोराने करावी, आणि ती करताना ग्राहकांनाही मुख्यालयाच्या दारापर्यंत सोबत न्यावं.