रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान

पाश्चात्त्य रंगमंचावर हिंदुस्थानी संगीत सादर करणारा वडोदऱ्याच्या मौलाबक्ष घराण्यातील आद्य वाद्यवृंद. गायक व वीणावादक इनायत खाँ (५ जुलै १८८२ – ५ फेब्रुवारी १९२७) हे त्याचे प्रमुख. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये वडोदऱ्यात गायनशाळा काढली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आजची संगीत विद्याशाखा हा तिचाच विस्तार.

इनायत खाँ यांचे गायन १९०९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रित केले. पुढे १३ सप्टेंबर १९१० रोजी ते बंधू महबूब खाँ व चुलतबंधू महंमद अली खाँ यांच्यासह मुंबईहून अमेरिकेला निघाले. धाकटे बंधू मुशर्रफ खाँ नंतर सामील झाले. नर्तकी रूथ सेंट डेनिस यांच्या अमेरिकेतील दौऱ्यात या वाद्यवृंदाने साथ केली. त्यानंतर इंग्लंड, फ्रान्स व रशियात कार्यक्रम केले.

मैफलींबरोबर इनायत खाँ सूफी तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत. त्यांतून उभी राहिलेली सूफी चळवळ युरोप-अमेरिकेत आजही कार्यरत आहे. १९०९ ची ध्वनिमुद्रणे १९९४ मध्ये पुनःप्रकाशित झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गायकीचा तो अमोल पुरावा होय.