एका आसाची दोन चाके

बैलगाडीच्या दोन चाकांना परस्परांचा हिशेब ठेवण्याची गरज कधी पडली नाही. आख स्थिर, त्याच्या दोन्ही टोकांवर तुंबे मोकळे फिरणारे, आणि ओढ सारी बैलांच्या खांद्यावर. त्यामुळे बांधाच्या कोपऱ्यावर गाडी वळली की बाहेरचे चाक भराभर फिरे, आतले जवळजवळ जागीच घुटमळे, आणि गाडी सुखरूप वळे. आगगाडीची चाके आसाला पक्की जखडलेली असतात, तरीही ती वळणावर निभावून जातात, कारण त्यांच्या कडा किंचित शंकूच्या आकाराच्या असून बाहेरचे चाक आपल्या मोठ्या परिघावर व आतले लहान परिघावर आपोआप सरकते. रुळांची ही सवलत सडकेवरच्या यंत्रगाडीला नव्हती. तिच्या चाकांना ओढले जायचे नव्हते, स्वतः ओढायचे होते, आणि तेही निरनिराळ्या वेगांनी.

या पेचातून वाट काढली ती पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या यंत्रज्ञाने, 1827-28 च्या सुमारास, आपल्या वाफेच्या गाडीसाठी. आसाचे दोन तुकडे करून मध्ये छोट्या दंतचक्रांचा एक पिंजरा बसवावा, सरळ रस्त्यावर ती दंतचक्रे पिंजऱ्याबरोबर नुसती फिरत राहावीत, आणि वळणावर त्यांनी एका चाकाचा जो वेग कमी होईल तोच दुसऱ्याच्या पदरात टाकावा, अशी ही रचना आहे. तिलाच आपण डिफरन्शियल म्हणतो. इंग्लंडातील जेम्स स्टार्ली याने 1877 मध्ये ती तीनचाकी सायकलला लावली आणि कार्ल बेंझच्या 1885 च्या मोटारगाडीतही ती होती. परंतु या न्यायी यंत्रात एक वैगुण्य होते. ते दोन्ही चाकांना सारखेच बळ देते, आणि हे बळ किती असावे ते सर्वांत दुबळ्या चाकाची पकड ठरवते. म्हणून एक चाक चिखलात पडून गरगरू लागले की कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तितकेच नगण्य बळ मिळते, आणि सामर्थ्यवान इंजिन असूनही गाडी जागची हलत नाही.

शहरातल्या मोटारीला हे खपण्याजोगे होते, फौजेच्या रसदीला नव्हते. खेचरांच्या गाड्यांऐवजी यंत्रगाड्या आणण्याची तजवीज अमेरिकी सैन्याचे रसदखाते करू लागले, तेव्हा विस्कॉन्सिन प्रांतातील केनोशा येथील थॉमस जेफरी कंपनीने 1913 मध्ये ‘क्वॉड’ हा ट्रक काढला. त्याची चारही चाके ओढत आणि चारही वळत, आणि त्याच्या डिफरन्शियलमध्ये घसरत्या चाकाला आपोआप आवळून धरण्याची तरतूद होती. त्याच प्रांतातील क्लिंटनव्हिलच्या कारखान्याने आपल्या तीन टनी ट्रकात पुढच्या-मागच्या आसांमधील डिफरन्शियल चालकाच्या हाताने जखडण्याची सोय, म्हणजे लॉक, ठेवली. 1916 मध्ये अमेरिकी सेनानी जनरल पर्शिंगच्या मोहिमेबरोबर मेक्सिकोच्या मुलखात, आणि नंतर पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात, हे ट्रक राबले. मात्र त्यांची चाल ताशी पंधरा-वीस मैलांपलीकडे जात नसे आणि त्यांच्या धावा भरीव रबराच्या होत्या, हे विसरता कामा नये. जखडलेल्या चाकांचा खरा धोका त्या मंद चालीत प्रकट व्हायला अवसरच नव्हता.

तो अवसर लवकरच आला. 1917 मध्ये गुडइयर कंपनीने हवा भरलेल्या टायरांवर ॲक्रनहून बोस्टनपर्यंत मालाचा ट्रक धाडला. पुढे सडका सुधारल्या, वेग वाढला, आणि चिखलातल्या युक्तीची डांबराशी गाठ पडली. मागच्या चाकांमध्ये 1.8 मीटर अंतर धरा: काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे 2.8 मीटर अधिक चालावे लागते, आणि वळण विस्तीर्ण असो वा आखूड, हा फरक तेवढाच राहतो. चाके जखडलेली असली तर तो टायरांनी घासून भरून काढायचा; मऊ माती ते सोसते, डांबर सोसत नाही, आणि सारा पीळ आसाच्या दांड्यांत व दंतचक्रांत साठतो. पण वेगातील अनर्थ याहून वेगळा आहे. टायरची पकड मर्यादित असते. ती पुढे ढकलण्यातच खर्ची पडली तर गाडीला आडवे सरकू न देण्यासाठी काहीच उरत नाही. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक गरगरले तरी दुसरे शांतपणे फिरत गाडीची शेपटी सांभाळते, पण जखडलेली दोन्ही चाके ओल्या सडकेवर एकाच क्षणी सुटतात, ट्रकचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि मागे ट्रेलर असला तर तो पुढच्या ट्रकवर दुमडून येतो. कोरड्या सडकेवर हीच चाके उलट ट्रकला सरळच रेटतात, स्टेअरिंग फिरवले तरी. म्हणूनच चाके जखडून ताशी 25 मैलांच्या, म्हणजे 40 किलोमीटरच्या, वर जाऊ नये, आणि चाक गरगरत असताना लॉक कधीही लावू नये, असा दंडक ट्रकच्या व्यवसायात रूढ झाला. याबद्दल लॉकलाच दोष देणे मला अन्यायाचे वाटते. तो ज्या वेगाच्या युगात जन्मला, त्या वेगाशी तो प्रामाणिक आहे.

वेगात पकड राखण्याचे काम पुढे ब्रेककडे गेले. 1980 नंतरच्या दशकात ट्रकांवर आलेली यंत्रणा गरगरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावते, त्यामुळे त्या चाकाला विरोध मिळतो आणि मोकळे डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही तितकेच बळ देते. चाके एकमेकांना बांधावी लागत नाहीत.

तरीही चिखलात लॉकला पर्याय नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून भरला टिपर बाहेर काढणारा चालक चाक अडकण्यापूर्वीच थांबून लॉकचे बटण दाबतो, सावकाश सरळ पुढे जातो, आणि सडकेला लागताच बटण सोडतो. तबकडीवरचा लॉकचा दिवा मात्र लगेच विझत नाही, कारण लॉकच्या दातांवरचा पीळ उतरल्याखेरीज ते सुटत नाहीत. मग तो ॲक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग किंचित डावीउजवीकडे हलवतो, प्रसंगी गाडी हातभर मागे घेतो, आणि दिवा विझल्यावरच वरचा गियर टाकतो.