फुप्फुस-कर्करोगाची सांकेतिक नोंद, मुंबईतील

निदानाचे शब्द आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ठराविक अंकांत उतरवून रोग्यांची गणना करण्याची पद्धती. मुंबईत तिचा पाया १९६३ मध्ये घातला गेला. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने त्या वर्षी स्थापिलेले मुंबई कर्करोग नोंदणी केंद्र हे एका निश्चित लोकसंख्येतील सर्व रोग्यांची नोंद ठेवणारे भारतातील पहिले केंद्र होय.

रोग कळविण्याचे बंधन त्या काळी रुग्णालयांवर नसल्याने केंद्राचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जाऊन रुग्णपत्रिका उतरवून घेत व महापालिकेच्या मृत्युनोंदींशी त्या ताडून पाहत. या कामातील अडचण वडाळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. तेथील जुनाट खोकल्याचा रोगी प्रथम लगतच्या शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात जाण्याचा संभव असतो. कारण क्ष-किरण चित्रातील छाया दोन्ही रोगांत सारखी दिसू शकते. पुढे ऊतक-परीक्षेने कर्करोग ठरतो तो परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१). मृत्यू कदाचित घरी होतो. तीन ठिकाणी तीन कागद उरले, तरी रोगी एकच मोजावयाचा असतो. उलट, टाटा रुग्णालयात परप्रांतांतून येणारे असंख्य रोगी मुंबईच्या गणनेत धरून चालत नाही.

रोग बळावल्यावर निदान झाले, म्हणजे नोंद अधिकच नाजूक होते. फुप्फुसातील गाठ तेथेच उद्भवली की स्तन, मूत्रपिंड वा अन्य इंद्रियातून तेथे पसरली, हे ठरविल्याशिवाय नेमका अंक देता येत नाही. १९५५ च्या सातव्या वर्गीकरणात फुप्फुसाच्या प्राथमिक अर्बुदाला १६२ आणि प्राथमिक की दुय्यम हे अनिश्चित असलेल्यास १६३ असा वेगळा अंक होता. ही सोय प्रामाणिक होती. आठव्या आवृत्तीत (१९६५) ती राहिली नाही. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत फुप्फुसातील मूळ अर्बुदाला सी ३४, तर अन्य इंद्रियातून आलेल्यास सी ७८.० हा अंक आहे. फुप्फुसाचा रोग मेंदूत पसरल्यास सी ३४ च्या जोडीला सी ७९.३, अस्थींत पसरल्यास सी ७९.५ लावतात. केवळ दुय्यम अंक लिहिला गेला, तर रोगी फुप्फुस-कर्करोगाच्या गणनेतून निसटतो व धूम्रपानाशी निगडित अशा या रोगाचे शहरातील प्रमाण कमी दिसते. रोगाची अवस्था मात्र या अंकांतून पुरती कळत नाही. तीसाठी अर्बुदाचा विस्तार, लसीका ग्रंथी व दूरचा प्रसार यांवर आधारलेली टीएनएम पद्धती वापरतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात (१९८१–८२) बंगलोर व मद्रास येथील केंद्रांबरोबर मुंबईचे केंद्र समाविष्ट करण्यात आले.