रिंगणाच्या मध्यभागी बसलेला माणूस

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीकडे जाते, आणि तिच्या दोहो काठांवरील वाड्यावस्त्यांतून भाद्रपदात, गौरीगणपतीच्या दिवसांत, जो नाच रात्र रात्र चालतो त्यास गावकरी जाखडी म्हणतात. मुंबईकर त्यालाच बाल्या नाच म्हणतात, कारण मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकण्याच्या कानातील बाळीवरून त्याला पडलेले नाव त्याच्या नाचासही चिकटले. पायांत चाळ बांधलेले नर्तक रिंगण धरून फिरतात. मध्ये मृदंग, झांज आणि त्यांच्यासमवेत शाहीर बसलेला असतो. प्रेक्षकाची दृष्टी साहजिकच फिरणाऱ्या पावलांवर खिळते. परंतु या कलेचा इतिहास ज्यास समजून घ्यावयाचा आहे त्याने त्या बसलेल्या माणसाकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

कारण हा नाच म्हणजे मुळात वाद आहे. पेशवाईतील शाहिरांत कलगी आणि तुरा असे जे दोन पक्ष मातले, त्यांचीच ही कोकणातील शाखा होय. तुकनगीर आणि शाहअली या दोन साधूंपासून हे पंथ निघाले, अशी आख्यायिका मध्य हिंदुस्थानापर्यंत पसरलेली आहे. कलगीवाले, म्हणजेच शक्तीवाले, प्रकृतीस, आदिमायेस श्रेष्ठ मानतात, तुरेवाले पुरुषास, शिवास. आणि गण व गौळण आटोपल्यावर पुराणातील एखादे कोडे एका पक्षाने पदातून घालावे व दुसऱ्याने ते पदातूनच सोडवावे, ही या सामन्याची वहिवाट. शेताच्या बांधावर राबणाऱ्या कुणब्यांनी सांख्यांचा प्रकृतिपुरुषविचार रात्रभर उभ्या पावली पेलावा, यापरते आश्चर्य मला या मुलखात दुसरे दिसत नाही. त्या वादाचा सगळा भार शाहिरावर असतो: पद त्याचे, चाल निवडणारा तोच, आणि लय कोठे चढवावी हे मृदंगवाल्यास खुणावणाराही तोच. चाल पुष्कळदा जुनीच असते, पुढे तर ती चित्रपटातूनही आली. नवी असतात ती अक्षरे.

जमैका बेटातील डान्सहॉल संगीताची हकीकत याच जातीची आहे. तेथेही दोन ध्वनिसंच आमनेसामने उभे ठाकतात, आणि एकाच तालपीठावर अनेक गायक आपापली पदे बसवितात. 1985 साली किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतील लॉइड जेम्स ऊर्फ किंग जॅमी याने कॅसिओच्या एका लहानशा वाद्यातील तयार ताल संथ करून त्यावर वेन स्मिथचे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि त्या एका निवडीने त्या देशाच्या संगीताचा ओघ संगणकीय नादाकडे वळला. जॅमी गायक नव्हता; गाणे कशावर उभे राहील हे मात्र त्याने ठरविले.

आमच्याकडे असा पालट मुंबईने घडविला. दासगावच्या बंदरातून आणि पुढे मोटाररस्त्याने महाड-पोलादपूरचा तरुण गिरणगावात गेला, आणि पायातला चाळ त्याने परळ-लालबागच्या चाळीत नेला. या महाडजवळच्याच गोरेगावी 1879 साली जन्मलेल्या नारायण मल्हार जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापिली, आणि त्याच संस्थेच्या परळच्या दामोदर सभागृहात कोकणच्या नमन-जाखडीस रंगमंच लाभला. अंगण सरले, तिकीट आले. पहाटेपर्यंत लांबणारा वाद घड्याळात बसविणे शाहिरास भाग पडले. गावी ज्या कोड्यास तासभर मुरू द्यावे ते येथे चार कडव्यांत उलगडू लागले, आणि यात काही मोलाचे हरवले हे मी नाकारणार नाही.

त्यानंतर ध्वनिफिती आल्या. फितीत रिंगण दिसत नाही. बसलेला शाहीर तेवढा पूर्णपणे ऐकू येतो, त्याचा प्रश्न, त्याची चाल, श्रोत्यांनी दाद द्यावी म्हणून त्याने घेतलेला क्षणभराचा विराम. नाचणाऱ्यांची तेथे एकच खूण उरते, ती म्हणजे त्या विरामात मागून येणारा घुंगरांचा आवाज.