धुणे, घरगुती

धुणे, घरगुती : वापरलेल्या वस्त्रांतील मळ, घाम व तेलकटपणा हे पाणी, क्षार, घर्षण आणि ऊन यांच्या साहाय्याने काढून ती पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचे नित्याचे गृहकृत्य. मराठीत ‘धुणे’ हा शब्द या क्रियेला आणि धुवावयाच्या कपड्यांनाही लावतात. भिजत घालणे, चुबकणे, आपटणे किंवा धोपटणे, खळबळणे, पिळणे, झटकणे व वाळत घालणे असे त्याचे टप्पे सर्वत्र सारखेच असले, तरी कोणी, कोठे, किती दिवसांनी व कोणत्या क्रमाने धुवावे आणि कोठे वाळवावे, यांविषयीच्या चाली घरोघर भिन्न आढळतात. हे भेद आवडीनिवडीचे वा टापटिपीचे मानले जातात. परंतु त्यांच्या मुळाशी पाण्याची उपलब्धता, सोवळेओवळे, जातिव्यवस्था आणि स्त्रीच्या श्रमाची विभागणी ही कारणे प्रामुख्याने दिसतात.

प्राचीन उल्लेख : मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धिप्रकरणात वस्त्राच्या जातीनुसार निरनिराळी शोधनद्रव्ये सांगितली आहेत. रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती, कांबळ्यांसाठी रिठे, तलम वस्त्रांसाठी बेलफळ आणि क्षौमवस्त्रांसाठी पांढरी मोहरी असा तो क्रम आहे. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात धोब्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळुवारपणे कपडे धुवावेत, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत व ते इतरांस वापरण्यास देऊ नयेत, असा नियम आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात धोब्यांच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्‌गराची खूण असावी, अशी तरतूद असून बिनखुणेचे वस्त्र अंगावर घालणाऱ्या धोब्यास दंड सांगितला आहे. वस्त्राचा पोत बिघडू नये व एका घरचे वस्त्र दुसऱ्या घरी जाऊ नये, या दोन्ही चिंता याप्रमाणे फार जुन्या आहेत.

शोधनद्रव्ये : साबणाचा प्रसार होण्यापूर्वी महाराष्ट्रात सुती कपड्यांसाठी राख, खारी माती व साजीखार, तर रेशमी व लोकरी कपड्यांसाठी रिठे वापरीत. जालना जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेटयुक्त आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मिळणारे तेथील क्षार दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी ओळखले जात. साबण तयार करणे, कापडावरील रंग पक्के करणे इ. कामांसाठी त्यांचा उपयोग होई. परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाची खूण करीत. चुन्याच्या योगाने ती काळी व पक्की होते आणि अनेक धुण्यांनंतरही टिकते.

विसाव्या शतकात वडीचा साबण शहरांतून खेड्यांत गेला. मराठवाड्यातील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या लवणांमुळे साबणाला फेस कमी येतो व कपड्यावर चिकट पांढुरका थर बसतो. अशा पाण्यात संश्लेषित प्रक्षालके अधिक चांगले काम देतात. भारतात १९५९ मध्ये सर्फ ही भुकटी बाजारात आली. मात्र १९६९ मध्ये अहमदाबाद येथे सुरू झालेल्या निरमा या स्वस्त भुकटीमुळे प्रक्षालके सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली. राखेची जागा भुकटीने घेतली, तरी कपडा दगडावर आपटण्याची सवय पुष्कळ घरांत कायम राहिली.

सोवळे व परीट : परंपरागत गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक होय. वर्षभर कपडे धुण्याच्या मोबदल्यात त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. लग्नकार्यात पायघड्या घालण्याचा मानही त्याच्याकडे असे. सोयरसुतकाच्या प्रसंगी विटाळलेली वस्त्रे त्याच्याकडे जात. तथापि परटाने धुऊन आणलेले वस्त्र सोवळ्याला चालत नसे. ते घरी पुन्हा पाण्यातून काढावे लागे. म्हणजेच एकच वस्त्र दिसण्यात स्वच्छ असूनही कर्मकांडाच्या दृष्टीने अशुद्ध ठरे. उलट रेशमी मुकटा, पीतांबर किंवा लोकरीची धाबळी ही वस्त्रे रोज न धुताही सोवळी मानली जात.

कर्मठ घरांत सोवळ्याची धोतरे व लुगडी घरातीलच व्यक्तीने धुऊन माजघरातील उंच दांडीवर काठीने वाळत घालावी, अशी चाल होती. ती वाळेपर्यंत व नंतर काठीनेच काढून नेसेपर्यंत कोणाचाही स्पर्श होऊ नये, हा त्यामागील हेतू. शेतकरी कुटुंबांत अशी दांडी क्वचितच असे. तेथे धुणे नदीवर, ओढ्यावर किंवा मळ्यातील विहिरीवर होई आणि कपडे दगडावर, कुंपणावर वा वाळूत पसरले जात.

पाणवठे व जातिभेद : नदीवर धुण्याच्या जागाही जातीनुसार ठरलेल्या असत. अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवाहाच्या खालच्या अंगाला जावे लागे; सार्वजनिक विहिरी व तळी त्यांना बंद असत आणि परीटही त्यांचे कपडे धूत नसे. ज्यांना पाणीच नाकारले, त्यांना पुन्हा अस्वच्छ म्हणून हिणविले जाई. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करणारा ठराव संमत केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाड येथेच त्यांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचे व इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्याचे आवाहन केले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबईचा ठराव तेथे लागू नव्हता. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील तळ्यावर डॉ. आंबेडकरांसोबतच्या काही सहकाऱ्यांनी तोंड व पाय धुतले, तेव्हा त्या सर्वांना जमावाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. परीट कुळात जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) स्वच्छता व जातिभेदनिर्मूलन यांचा एकत्रित उपदेश केला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

वाळविण्याच्या चाली : वाळविण्याच्या पद्धतींवर हवामान व घराची बांधणी यांचा प्रत्यक्ष परिणाम होतो. मराठवाड्यातील जुन्या घरांचे मातीचे सपाट माळवद हे वाळविण्याचे मोठेच साधन होते. भोकरदन तालुक्यातील धावडा व अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतची इतर गावे अशा कोरड्या हवेच्या पट्ट्यात मोडतात. उन्हाळ्यात येथे कपडा लवकर वाळतो. त्यामुळे तो जास्त पिळण्याची गरज नसते, पण रंग उडू नये म्हणून रंगीत कपडा उलटा करून किंवा सावलीत घालतात. कोकणात पावसाळ्यात कपडे पडवीत किंवा चुलीवरच्या दांडीवर दिवसेंदिवस टांगलेले राहतात व त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात. मुंबईच्या चाळींत नळाची वेळ व सज्जातील दोरी या दोन गोष्टी धुण्याचे वेळापत्रक ठरवीत. दोरीवरील हक्क हा शेजाऱ्यांतील वादाचा नेहमीचा विषय असे.

यांखेरीज अनेक संकेत घरोघर पाळले जातात. तान्ह्या मुलाचे कपडे घट्ट पिळू नयेत व तिन्हीसांजेनंतर बाहेर ठेवू नयेत, काही ठराविक वारी साबण लावू नये, पुरुषांनी स्त्रियांच्या वाळत घातलेल्या वस्त्रांखालून जाऊ नये, सुनेची वस्त्रे सासऱ्याच्या वस्त्रांशेजारी घालू नयेत इ. संकेत त्यांपैकी होत. सासरी आलेल्या मुलीला माहेरची रीत सोडून हे संकेत नव्याने शिकावे लागतात. त्यामुळे धुण्यावरून होणारी कुरबूर ही बहुधा केवळ कपड्यांविषयी नसते.

या संकेतांपैकी मासिक पाळीतील कापड लपवून वाळविण्याची चाल आरोग्यास अपायकारक आहे. असे कापड दुसऱ्या कपड्याखाली किंवा अंधाऱ्या, दमट कोपऱ्यात घातले जाते. ते ओलसर राहिल्यास जंतू व बुरशी वाढून संसर्गाचा संभव असतो. साबणाने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळविलेले कापड त्यामानाने सुरक्षित असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते २४ वयोगटातील सु. ५०% स्त्रिया कापडाचा वापर करीत होत्या. महाराष्ट्र शासनाने ग्रामीण भागात अल्प दरात सॅनिटरी नॅपकिन उपलब्ध करून देण्यासाठी ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली. तरीही कापड उन्हात घालण्यास जागा व मोकळीक मिळणे, हा प्रश्न घरातील संकेतांशी निगडित आहे.

श्रम व टंचाई : संत जनाबाईच्या धुण्याला विठ्ठल मदत करतो, ही कल्पना वारकरी परंपरेत रूढ आहे. घरातील माणसांकडून न मिळणारी मदत देवाने करावी, या कल्पनेतून त्या कामाचे कष्ट सूचित होतात. नऊवारी लुगडे ओले झाल्यावर जड होते. ते पिळण्यास व झटकण्यास दोघी लागत. पाणवठ्यावर हे काम मिळून केले जाई. त्यामुळे पाणवठा हे स्त्रियांच्या गप्पांचे व सुखदुःख सांगण्याचेही ठिकाण होते. घरात मोरी व नळ आल्याने पाणवठ्याची पायपीट वाचली, परंतु हे साहचर्य संपले. २०१९ च्या राष्ट्रीय काल-उपयोग सर्वेक्षणानुसार विनावेतन गृहकृत्ये करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी दिवसास सरासरी २९९ मिनिटे, तर ती करणारे पुरुष ९७ मिनिटे देत.

टंचाईच्या काळात पिणे व स्वयंपाक यांनंतरच धुण्याचा विचार होतो. १९७२ च्या दुष्काळात व पुढे २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्येही मराठवाड्यात हाच अनुभव आला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी अंघोळीच्या पाण्यात धुणे, धुण्याचे पाणी सारवणास किंवा परसातील झाडांस घालणे, एकच कपडा अधिक दिवस वापरणे असे मार्ग कुटुंबे अवलंबितात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांना नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. नळाला सतत दाब नसलेल्या ठिकाणी बादलीने पाणी भरता येणारे अर्धस्वयंचलित धुलाई यंत्र सोयीचे ठरते. यंत्रामुळे आपटणे व पिळणे थांबते. परंतु पाणी साठविणे, कपडे वाळत घालणे व त्यांच्या घड्या करणे ही कामे उरतातच आणि ती बहुधा स्त्रियांकडेच राहतात.