वनगणनेपासून सूक्ष्मजीवांच्या नकाशांपर्यंत

डेल्फ्ट येथील आन्तोनी व्हान लेवेनहुक यांनी 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरील किटणात आढळलेल्या जिवाणूंच्या आकृत्या होत्या, आणि त्यानंतर सुमारे तीन शतके सूक्ष्मजीवांचे चित्र म्हणजे भिंगातून दिसणाऱ्या पेशींचे चित्र असेच मानले गेले. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये रायबोसोमल आरएनए, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेतील रेणू, यांची तुलना करून जीवसृष्टीची नवी विभागणी मांडली. पुढे नॉर्मन पेस यांच्या गटाने हीच ओळखखूण नैसर्गिक नमुन्यांतून थेट वाचण्याचा मार्ग घालून दिला, तेव्हा प्रयोगशाळेत न वाढणारे असंख्य जीव उजेडात आले, मात्र ते आकृतींच्या नव्हे, तर जनुकीय अक्षरमालांच्या रूपात.

या अक्षरमालांना दृश्यरूप देण्याची सर्वांत प्रभावी रीत वनांच्या अभ्यासातून आली, याची दखल क्वचितच पुरेशी घेतली जाते. विस्कॉन्सिनमधील वनांचा अभ्यास करताना ब्रे आणि कर्टिस यांनी 1957 मध्ये दोन ठिकाणच्या वनस्पतींच्या विपुलतेतील तफावत एका आकड्यात बसवली आणि त्या आकड्यांवरून प्रत्येक वनखंडाला आलेखावर बिंदूचे स्थान दिले, म्हणजे सारखी वने जवळ आणि भिन्न वने दूर दिसू लागली. कॅथरीन लोझुपोन आणि रॉब नाइट यांच्या 2005 मधील ‘युनिफ्रॅक’ने याच अंतराच्या कल्पनेला वंशवृक्षाची जोड दिली : दोन नमुन्यांतील जीव वंशवृक्षाच्या जेवढ्या कमी फांद्या वाटून घेतात, तेवढे त्या नमुन्यांमधील अंतर अधिक. 2010 मध्ये आलेल्या ‘काइम’ या सॉफ्टवेअरने ही गणिते सर्वसामान्य संशोधकाच्या हाती दिली, तर 2013 च्या ‘एम्परर’ने त्यांतून निघणारे बिंदूंचे त्रिमितीय पुंजके पडद्यावर फिरवून पाहण्याची सोय केली. या पुंजक्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. तरीही अंतराचे माप बदलले की तेच नमुने कधी विलग, कधी एकमेकांत मिसळलेले दिसतात, त्यामुळे चित्राखाली मापाचे नाव नसेल तर ते चित्र अपुरेच मानावे लागते.

दृश्यरूपाची दुसरी परंपरा वंशवृक्षावरच उभी राहिली. ट्यूबिंगेन येथे डॅनियल हूसन यांच्या गटाने 2007 मध्ये मांडलेले ‘मेगन’ हे सॉफ्टवेअर संदिग्धता लपवत नाही : डीएनएचा तुकडा अनेक जातींशी जुळला, तर ते तो एका जातीच्या माथी न मारता त्या सर्वांच्या सर्वांत जवळच्या समान पूर्वजाशी ठेवते. 2011 च्या ‘क्रोना’ने वंशवृक्षाची हीच उतरंड एकात एक असलेल्या वर्तुळांच्या रूपाने साध्या ब्राउझरमध्ये आणली. पुण्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधन विभागात शर्मिला मांडे यांच्या गटाने 2013 मध्ये ‘कम्युनिटी-अ‍ॅनालायझर’ सादर केले, आणि त्यात जीवगटांच्या परस्परसंबंधांनाच मांडणीचा आधार केले.